चित्ताची तालीम

अपकार करणाऱ्याचे उपकार मानावेत, ही शिकवण ऐकावयास जितकी गोड तितकी आचरावयास कठीण, असें म्हणून तिची बोळवण करण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. आम्हांस ती केवळ कठीण वाटत नाहीं; कांहीं अंशीं संशयास्पदहि वाटते, आणि तो संशय वाचकांपुढें मांडावा एवढ्याचसाठीं आज लेखणी हातीं घेतली आहे. कठीण गोष्ट सरावानें सोपी होते. पण जी गोष्ट योग्य कीं अयोग्य हेंच ठरलेलें नाहीं, तिचा सराव नेमानें करीत राहणें म्हणजे वाट न विचारतां झपाझप चालण्यासारखें आहे. गेलीं चार वर्षें आम्ही तसे चालत आहों. वाट विचारण्याची बुद्धि आम्हांस फार उशिरां झाली, आणि ती कशी झाली हें सांगणें आमच्या भूषणाचें नाहीं.

ज्या शिकवणीविषयीं आम्ही बोलत आहों ती तिबेटांत ‘लोजोंग’ या नांवानें प्रसिद्ध आहे. ‘लो’ म्हणजे मन अथवा बुद्धि. ‘जोंग’ या धातूंत शुद्ध करणें आणि सराव देणें असे दोन्ही अर्थ आहेत. मराठींत ‘चित्तशोधन’ असा भारदस्त शब्द यास योजतां येईल. परंतु आम्हांस ‘तालीम’ हाच शब्द जवळचा वाटतो. तालमींतल्या मातींत रोज उतरावें लागतें, आणि जोड भेटल्यावांचून नुसते दंड-बैठका काढून कुस्ती येत नाहीं. या शिकवणीचेंहि तसेंच आहे. आसनावर बसून तिचे दंड-बैठका काढावयाचे, आणि कुस्ती मात्र दिवसभर, घरांत, कचेरींत, बाजारांत, जो कोणी समोर येईल त्याच्याशीं करावयाची. मौज एवढीच कीं, या कुस्तींत चीत करावयाचें तें स्वतःस.

हिचें बीज आपल्या देशांतलें आहे. नालंदेच्या शांतिदेवानें इसवी सनाच्या आठव्या शतकांत रचलेल्या ‘बोधिचर्यावतार’ या संस्कृत काव्याचे दहा परिच्छेद आहेत. त्यांतील सहावा क्षांतीवर, म्हणजे सहनशीलतेवर, आणि आठवा ध्यानावर आहे. आठव्यांत ‘परात्मसमता’ आणि ‘परात्मपरिवर्तन’ असे दोन विचार येतात: परका आणि आपण सारखेच सुखेच्छु व दुःखभीरु आहों हें प्रथम ओळखावें, मग एक पाऊल पुढें टाकून आपल्या जागीं परका आणि परक्याच्या जागीं आपण, अशी अदलाबदल मनानें करावी. या ग्रंथाची प्रज्ञाकरमतीच्या पंजिकेसह एक चांगली आवृत्ति पुण्याच्या प. ल. वैद्यांनीं संपादिली, व ती 1960 सालीं दरभंग्याहून निघाली. तेव्हां महाराष्ट्रास हा ग्रंथ अगदींच परका नाहीं. तथापि मराठी वाचकाची बुद्धाशीं ओळख मुख्यतः धर्मानंद कोसंबींनीं करून दिली. गोमंतकांतील सांखवाळ गांवचा हा पुरुष नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश पालथे घालून आला आणि फर्ग्युसन कॉलेजांत पाली शिकवूं लागला. त्यामुळें आमच्या पिढीच्या मनांत बुद्ध हा पालीच बोलतो, आणि उत्तरेकडच्या हिमप्रदेशांत त्याच्या शिकवणीचें काय झालें याकडे आपलें सहसा लक्ष जात नाहीं.

तेथें ही शिकवण नेण्याचें श्रेय मुख्यतः दीपंकर श्रीज्ञान ऊर्फ अतीश (982–1054) यांस देतात. हे बंगालचे पंडित तारुण्यांत समुद्रमार्गें सुवर्णद्वीपास, म्हणजे आजच्या सुमात्रा बेटास गेले. तेथें धर्मकीर्ति नांवाच्या आचार्यांपाशीं बारा वर्षें राहून त्यांनीं बोधिचित्ताचें शिक्षण घेतलें. पुढें विक्रमशिलेस त्यांनीं अध्यापन केलें, आणि 1042 सालीं, साठीच्या घरांत असतां, ते तिबेटांत पोंचले; तेथून परत आले नाहींत. त्यांच्याविषयीं एक दंतकथा आहे, तिची सत्यता पडताळण्याचें साधन नाहीं, पण ती आम्हांस अतिशय प्रिय आहे. तिबेटी लोक स्वभावानें फार गोड आहेत असें ऐकल्यामुळें आपल्या सहनशीलतेस काम उरणार नाहीं अशी अतीशांस भीति वाटली. म्हणून त्यांनीं आपल्या बरोबर एक अत्यंत तिरसट बंगाली स्वयंपाकी नेला. लोक म्हणाले, ‘आचार्य, हा मनुष्य आपल्या पदरीं कशाला?’ अतीशांनीं उत्तर दिलें कीं, हा माझा क्षांतीचा गुरु आहे. कथेचा शेवट तिबेटी लोकच मिस्किलपणें असा करतात कीं, तिबेटांत थोडे दिवस राहिल्यावर स्वयंपाकी न्यावयाची गरज नव्हती असें आचार्यांस कळून चुकलें! स्वतःच्या देशाची अशी थट्टा ज्या धर्मपरंपरेंत खपते, ती परंपरा निरोगी असली पाहिजे असें आमचें मत आहे.

शंभर-सव्वाशें वर्षांनीं चेकावा (1101–1175) नांवाचे गेशे होऊन गेले. कोणा एकाच्या खोलींत उघडें पडलेलें एक पुस्तक त्यांनीं सहज पाहिलें. लाभ व विजय दुसऱ्यास द्यावा, हानि व पराजय आपण घ्यावा, अशा आशयाची ओळ त्यांत होती. ती त्यांच्या मनांत इतकी रुतली कीं, ती लिहिणाऱ्या लांगरी थांगपांच्या शोधांत ते निघाले. पण ते वारले होते. शेवटीं शारावा या आचार्यांपाशीं चेकावांनीं प्रश्न घातला, ‘ही ओळ खरी आहे काय?’ शारावा म्हणाले कीं, ती तुला आवडो वा न आवडो, बुद्धत्व पाहिजे असेल तर तिच्यावांचून गति नाहीं. मग चेकावांनीं अनेक वर्षें अभ्यास केला, आणि गुरूकडून शिष्याकडे गुप्तपणें जाणारी ही शिकवण सात कलमांत, सुमारें साठ छोट्या वाक्यांत, उघड करून ठेवली. महारोग्यांनाहि त्यांनीं ती शिकविली असें सांगतात.

आतां प्रत्यक्ष कृतीविषयीं. प्रथम स्वस्थ बसून श्वासाकडे लक्ष द्यावें. एकवीस श्वास मोजावेत. मन कांहींसें निवळलें म्हणजे एखादें दुःखी माणूस डोळ्यांपुढें आणावें. आंत येणाऱ्या श्वासाबरोबर त्याचें दुःख काळ्या धुरासारखें आपल्या हृदयांत घ्यावें, आणि बाहेर जाणाऱ्या श्वासाबरोबर आपलें सुख, आपलें पुण्य चांदण्यासारखें त्याच्याकडे धाडावें. तिबेटींत यास ‘तोंगलेन’, म्हणजे देणें-घेणें, म्हणतात. स्वच्छ हवा आंत घ्यावी आणि मळ बाहेर टाकावा, या आपल्या नेहमींच्या समजुतीच्या हें नेमकें उलट आहे. याचा परिणाम त्या दुसऱ्या माणसावर होतो काय? अतीशांचे एक गुरु मैत्रीयोगी यांच्याविषयीं अशी कथा आहे कीं, कोणी कुत्र्यास दगड मारला तेव्हां कुत्रें शांत राहिलें आणि वळ मात्र मैत्रीयोग्यांच्या पाठीवर उठला. आम्ही इंग्रजी शिकलेले. असल्या कथेपुढें हात जोडतों व पुढें जातों. आमच्या समजुतीप्रमाणें हा सराव करणाऱ्याच्याच मनासाठीं आहे. ‘मला नको, त्याला असो’ ही मनाची जी जन्मजात ओढ, ती श्वासाश्वासागणिक उलटी फिरवावयाची. श्वास थांबत नाहीं, म्हणून सरावासहि सबब उरत नाहीं. ही योजना आम्हांस मोठी चतुर वाटली.

आम्ही पहांटे पाऊण तास बसत असूं. अनोळखी लोकांचीं दुःखें घेणें लवकर साधलें. वर्तमानपत्रांत वाचलेला महापूर, दूरदेशींचें युद्ध, इस्पितळाच्या व्हरांड्यांत पाहिलेली कोणी म्हातारी, यांचा धूर सहज आंत येई आणि बाहेरचें चांदणेंहि सढळ हातानें जाई. कधीं डोळ्यांत पाणी उभें राही. आम्हांस वाटूं लागलें होतें कीं आपली बरी प्रगति चालली आहे.

आमचे वडील अण्णा आज शहाऐंशी वर्षांचे आहेत. जन्मभर शाळेंत गणित शिकविलेल्या या माणसाच्या स्मृतीचा फळा गेल्या पांच वर्षांत पुसत पुसत कोरा झाला आहे. त्यांच्या उशाशीं देवघरांतली जुनी पितळी घंटा ठेवलेली असते; रात्रीं ती वाजली कीं आम्ही उठतों. बहुधा कांहीं लागत नाहीं. अण्णा उठून बसलेले असतात आणि विचारतात, ‘मनिऑर्डर आली का?’ ते पुण्यास शिकत असतांना त्यांचे थोरले बंधु, आमचे दादाकाका, गांवाहून त्यांना दरमहा पैसे पाठवीत. सत्तर वर्षांपूर्वींची ती मनिऑर्डर अजून यावयाची आहे. ‘नाहीं आली, अण्णा,’ म्हणावें, पांघरूण घालावें, निजावें. अर्ध्या तासानें पुन्हां घंटा.

एके रात्रीं ती पांचव्यांदा वाजली. त्याच दिवशीं पहांटे आमचें ध्यान विशेष चांगलें झालें होतें, हें येथें मुद्दाम नमूद करतों. आम्ही गेलों, त्यांच्या हातांतली घंटा हिसकावून घेतली आणि म्हणालों, ‘अण्णा, दादाकाका वारून तीस वर्षें झालीं. मनिऑर्डर आतां कधींच यावयाची नाहीं!’

अण्णांनीं आमच्याकडे पाहिलें. ‘दादा गेला?’ त्यांनीं विचारलें. ती बातमी त्यांच्या लेखीं त्या क्षणाची होती. मग ते रडूं लागले; तीस वर्षांपूर्वीं, आमच्या आठवणीप्रमाणें, ते इतके रडले नव्हते. आमच्या सौभाग्यवती उठून आल्या, त्यांनीं अण्णांना जवळ घेतलें, आणि पहांटेपर्यंत त्या तेथेंच बसून राहिल्या. सकाळीं अण्णांना कांहीं आठवत नव्हतें. चहाच्या वेळीं त्यांनीं आम्हांस मनिऑर्डरीविषयीं विचारलें.

क्षमा मागावयाची कोणाची? ज्याचा अपराध केला त्याला अपराधच ठाऊक नाहीं. त्याला तो समजावून सांगणें म्हणजे दुसऱ्यांदा करणें. आम्हीं मग चेकावांच्या त्या प्रसिद्ध सूचनेप्रमाणें केलें, जींत सर्व दोषांचें खापर एकाच ठिकाणीं, म्हणजे आपल्या अहंभावावर, फोडण्यास सांगितलें आहे. आसनावर बसून आम्हीं स्वतःस यथेच्छ दोष दिला. आणि खरें सांगावयाचें तर, उठतांना आम्हांस मोठें प्रसन्न वाटलें. पश्चात्तापाचीहि एक चैन असते. ती आमच्या चेहऱ्यावर दिसली असावी. कारण आमच्या सौभाग्यवतींनीं, ज्या ध्यान करीत नाहींत आणि ज्यांच्यावर अण्णांचें नव्वद टक्के काम पडतें, एवढेंच म्हटलें, ‘अहो, तुम्ही त्यांच्याजवळ बसतां तेव्हांहि तुमचं लक्ष तुमच्याकडेच असतं.’

या वाक्यानें आम्हांस चार वर्षांत पडावयास हवा होता तो प्रश्न पाडला. अण्णांच्या घंटेस आम्ही मनांतल्या मनांत ‘क्षांतीचा गुरु’ म्हणत होतों. अतीशांचा स्वयंपाकी आम्हांस घरबसल्या मिळाला होता. पण स्वयंपाकी म्हणून कां होईना, त्या कथेंतल्या माणसास पगार मिळत असे आणि सोडून जाण्याची मोकळीक होती. तालमींतला जोड स्वखुषीनें मातींत उतरतो. अण्णा कोठें उतरले होते? आमच्या सहनशीलतेचे दंड काढावयास एका असहाय म्हाताऱ्याचा मलखांब करण्याचा आम्हांस काय अधिकार? कांट या जर्मन तत्त्ववेत्त्यानें 1785 सालीं मांडलेलें तत्त्व आम्ही वर्षानुवर्षें वर्गांत शिकवितों: मनुष्यास, मग तो आपण असो वा दुसरा, केवळ साधन म्हणून कधींहि वागवूं नये. आणि शत्रूस क्षांतीचें कारण म्हणून पूजावें असें सांगणारा शांतिदेव त्यास साधनच तर करीत नाहीं ना?

शांतिदेवास या आक्षेपाची चाहूल होती, हें त्याच्या बुद्धीचें वैशिष्ट्य. सहाव्या परिच्छेदांत तो स्वतःच पूर्वपक्ष उभा करतो: शत्रूचा हेतु आपलें भलें करण्याचा मुळींच नसतो, मग त्याची पूजा कां? त्याचें उत्तर असें कीं, सद्धर्मास तरी हेतु कोठें असतो? तो सिद्धीस कारण होतो म्हणूनच आपण त्यास पूजतों. शिवाय, वैद्याप्रमाणें जो आपल्या हितासाठीं झटतो त्याच्यापाशीं क्षमा शिकतां कशी येणार? तर्क म्हणून हें उत्तर बिनतोड आहे. पण आमचें समाधान त्यानें होत नाहीं. कारण ज्याची तुलना धर्मग्रंथाशीं केली तो मनुष्य, कितीहि वंदनीय ठरला, तरी मनुष्य राहिला नाहीं. त्याच्या रागामागें काय दुखतें आहे हें विचारण्याची गरज उरली नाहीं. अर्थात् त्याच काव्यांत, शत्रूचा क्रोधहि पित्तप्रकोपासारखा कारणपरंपरेनें उद्भवतो, त्यावर काय रागवावें, असाहि विचार येतो, आणि तो आम्हांस कितीतरी अधिक माणुसकीचा वाटतो. आमच्या मतें शत्रुपूजेची युक्ति हें औषध आहे, अन्न नव्हे. द्वेष चढलेला असतां तो उतरविण्यापुरतें तें घ्यावें. निरोगी माणसानें रोज घेतलें तर त्यास सारें जग आपल्या साधनेचें साहित्य दिसूं लागेल.

यापेक्षांहि एक मोठा धोका आहे. पराजय आपण घ्यावा, दोष आपणांकडे घ्यावा, हें कोण कोणास सांगतो यावर तें अमृत कीं विष हें ठरतें. चेकावा स्वतःस सांगत होते. आपल्या घरांत हेंच पिढ्यान्‌पिढ्या सासूनें सुनेला सांगितलें, आणि वरच्या जातींनीं खालच्यांना. ज्यांच्यापाशीं देण्याजोगा विजय कधीं नव्हताच त्यांना तो देऊन टाकण्याचा उपदेश झाला. 14 ऑक्टोबर 1956 रोजीं नागपुरास डॉ. आंबेडकरांनीं लाखो अनुयायांसह जो बुद्ध जवळ केला, तो अन्याय मुकाट्यानें गिळावयास सांगणारा नव्हता. तेव्हां दोष अहंभावाकडे घेणें आणि घडलेल्या गोष्टीचा खोटा कबुलीजबाब देणें, यांत अंतर ठेविलेंच पाहिजे. पहिलें मनाच्या आंतलें काम आहे. दुसरें सत्याचा अपलाप आहे, आणि त्यानें अन्याय करणाऱ्याचेंहि हित होत नाहीं.

पालीकडे वळलों तर बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्गा’ंत मैत्रीभावनेची कसोटी म्हणून एक विलक्षण प्रसंग कल्पिला आहे. चौघे बसलेले आहेत: आपण स्वतः, एक प्रिय, एक मध्यस्थ, एक वैरी. दरोडेखोर येऊन बळी देण्यासाठीं एक माणूस मागतात. ‘वैऱ्याला न्या’ असें ज्याच्या मनांत येईल त्याची मैत्री कच्ची, हें उघड आहे. पण बुद्धघोष म्हणतो, ‘मला न्या, या तिघांस नको’ असें ज्याच्या मनांत येईल त्याचीहि कच्चीच! चौघांपैकीं देण्याजोगा कोणीच ज्याला दिसत नाहीं, त्याच्याच सीमा मोडल्या. हें वाचून तोंगलेनकडे पाहिलें म्हणजे वाटतें कीं, ‘मी घेतों, मी देतों’ असें म्हणणारा तो दानशूर ‘मी’ अजून गादीवर बसलेलाच आहे. तिबेटी गुरूंना हें कळत नव्हतें असें नव्हे. गेशे बेन यांची गोष्ट याच रोगावर आहे. उपासक भेटीस यावयाचे होते म्हणून त्यांनीं सकाळीं देव्हारा लखलखीत केला, पूजा सुंदर मांडली. मग क्षणभर थांबून आपण हें कोणासाठीं केलें तें त्यांनीं मनाशीं पाहिलें, आणि मूठभर धूळ उचलून साऱ्या पूजेवर फेंकली. तिबेटांतली उत्तम पूजा ती हीच, असा अभिप्राय त्यावर एका सिद्धानें दिला. आम्हीं आमच्या प्रसन्न पश्चात्तापावर धूळ फेंकावयास सौभाग्यवती लागल्या, एवढाच काय तो फरक.

मग आम्हीं सराव सोडला काय? नाहीं. पण पाऊण तासाचा वीस मिनिटें केला, आणि उरलेला वेळ अण्णांची दाढी, आंघोळ व न्याहारी यांकडे वळविला. पूर्वीं हीं कामें दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्यास जात, आणि तो दुसरा कोण हें आतां सांगावयास नको. रात्रीं घंटा झाली म्हणजे दाराशीं एक श्वास थांबतों. तो धुराचा नसतो, चांदण्याचाहि नसतो. नुसता थांबण्याचा असतो. त्या एका श्वासांत रागाचा पहिला शब्द गळून जातो, एवढें मात्र या तालमीनें आम्हांस खचित दिलें आहे, आणि तें थोडें नव्हे. कधीं गळत नाहीं. मागल्याच आठवड्यांत आम्हीं दार जोरानें लोटलें होतें.

परवां रात्रीं दोनच्या सुमारास गेलों तेव्हां अण्णा उशीस टेकून बसले होते. ‘मनिऑर्डर आली का?’ नेहमींचें उत्तर ओठांवर होतें; पण काय वाटलें कोण जाणे, आम्हीं विचारलें, ‘किती रुपयांची यायचीय?’ पांच वर्षांत हा प्रश्न आम्हीं कधीं केला नव्हता.

‘तीस,’ ते चटकन म्हणाले, जसे वर्गांत म्हणत असतील. ‘पंचवीस खाणावळीचे. पांच वर लागतात. दादा संध्याकाळीं जेवत नाहीं रे, मला माहीत आहे. वहिनी बोलली एकदां. तो पत्रांत लिहीत नाहीं.’

हें आम्हांस ठाऊक नव्हतें. घरांत कोणासच ठाऊक नव्हतें. आम्ही खाटेच्या कडेवर बसलों. त्यांनीं थोडा वेळ आमच्याकडे निरखून पाहिलें. आमच्यांत त्यांना मुलगा दिसत नव्हता, खोलींतला कोणी सोबती दिसत असावा.

‘तुझी आली का?’ त्यांनीं विचारलें.

‘नाहीं,’ आम्ही म्हणालों. ‘माझीहि यायचीय अजून.’

‘मग बैस,’ अण्णा म्हणाले, आणि अंगावरच्या पांघरुणाची अर्धी बाजू त्यांनीं आमच्याकडे सरकविली.